ताणलेले संबंध, अडलेला व्हिसा आणि डॉक्टरांचा दाखला

एका बालरोगतज्ज्ञाने व्हिसासारख्या विषयावर लेखणी उचलावी, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु ताप, खोकला आणि लसीकरण यांच्या जोडीने माझ्या दवाखान्यात आता आणखी एक विचारणा नित्याची झाली आहे. कोणाचा मुलगा टोरांटोला आहे, कोणाची लेक शिकागोला बाळंत व्हायची आहे, कोणाला नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला जायचे आहे. "डॉक्टरसाहेब, व्हिसासाठी दोन ओळी लिहून द्याल का?" असे ही मंडळी विचारतात. बऱ्हाणपुरातील मराठी कुटुंबांची पुढची पिढी इंदूर-पुणे-मुंबई ओलांडून दूरदेशी स्थिरावली आहे. त्यामुळे दोन देशांच्या राजधान्यांत कुरबूर झाली, की तिची झळ तापीकाठच्या आपल्या घरांनाही लागते. अशा काळात पर्यटक किंवा पाहुणा म्हणून व्हिसा मागताना नेमके काय घडते, अर्जदाराने काय करावे आणि आपण डॉक्टरांनी काय करावे व काय करू नये, याचा ऊहापोह सदर लेखात करण्याचा मानस आहे.

परवानगीची जुनी वाट

आपले गाव दक्षिणेचे दार म्हणून प्रसिद्ध आहे, आणि दार म्हटले की परवानगी आलीच. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये बऱ्हाणपुरास आला, तेव्हा येथे शहाजादा परवीझचा मुक्काम होता. त्याच वर्षाच्या आरंभी सुरतेजवळ सुवाळीच्या समुद्रात इंग्रज आणि पोर्तुगीज यांची लढाई झाली होती. अशा तणावाच्या दिवसांत आलेल्या या वकिलालाही अजमेरला जहांगीरकडे जाण्यापूर्वी शहाजाद्याच्या दरबारात उभे राहून, नजराणे देऊन, इंग्रजांना येथे वखार घालू देण्याची परवानगी मागावी लागली. येथेच तो तापाने आजारीही पडला. पुढे मराठी अमलात वाटेवरच्या चौक्यांवर राहदारीचे परवाने चालत असत. आजचा व्हिसा हा त्याच राहदारीचा वारस होय.

यातून पहिला धडा मिळतो. व्हिसा हा अर्जदाराचा हक्क नसून यजमान राष्ट्राने दिलेली परवानगी आहे. ती कारण न देता नाकारता येते आणि दिलेली परतही घेता येते. हाती व्हिसा असला तरी प्रत्यक्ष प्रवेशाचा निर्णय विमानतळावरील किंवा सीमेवरील अधिकाऱ्याचाच असतो. संबंध गोडीचे असताना या गोष्टीची जाणीव होत नाही, संबंध ताणले की ती प्रकर्षाने होते.

दारे कोणत्या क्रमाने मिटतात

रक्तस्राव झाला की शरीर आधी त्वचेचा रक्तपुरवठा आवरते आणि मेंदू व हृदयाचा शेवटपर्यंत राखते, हे आपण जाणतोच. तणावाच्या काळात राष्ट्रांचे वर्तनही बरेचसे असेच असते. पर्यटकाचे दार बहुधा सर्वांत आधी मिटते आणि सर्वांत शेवटी उघडते. विद्यार्थी, व्यापारी, जवळचे नातेवाईक आणि रुग्ण यांची दारे तुलनेने उशिरा मिटतात व लवकर उघडतात. अलीकडची काही उदाहरणे पाहू.

सप्टेंबर २०१२ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी इस्लामाबादेत नव्या व्हिसा करारावर सह्या केल्या. त्यात प्रथमच गटाने येणाऱ्या पर्यटकांसाठी व्हिसा होता, आणि ६५ वर्षांवरील नागरिकांना अटारी-वाघा सीमेवर पोहोचताच व्हिसा देण्याची सोय होती. ही ज्येष्ठांची सोय १५ जानेवारी २०१३ रोजी सुरू व्हायची होती. त्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नियंत्रण रेषेवर दोन भारतीय जवानांची हत्या झाली आणि ज्या दिवशी योजना सुरू व्हायची, त्याच दिवशी ती स्थगित झाली.

चीनच्या बाबतीत २०२० मध्ये महामारी आणि गलवानचा संघर्ष एकापाठोपाठ आले. चिनी नागरिकांना भारताकडून मिळणारे पर्यटक व्हिसा बंद झाले ते थेट २४ जुलै २०२५ पासून पुन्हा मिळू लागले. चीनमध्ये वैद्यकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी मात्र त्या देशाने ऑगस्ट २०२२ मध्येच दीर्घ मुदतीचे विद्यार्थी व्हिसा पुन्हा सुरू केले होते. बांगलादेशात ऑगस्ट २०२४ मध्ये सत्तांतर झाल्यावर तेथील भारतीय व्हिसा केंद्रांनी काम पुष्कळ आवरते घेतले, तेव्हाही जी थोडी सेवा चालू राहिली तिच्यात तातडीच्या रुग्णांना स्थान होते, पर्यटकांना नव्हते.

आपल्या कुटुंबांना सर्वांत जवळचे उदाहरण कॅनडाचे आहे. १८ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान ट्रूडो यांनी तेथील संसदेत भारतावर आरोप केले, आणि २१ सप्टेंबरपासून भारताने कॅनेडियन नागरिकांसाठीची व्हिसा सेवा थांबवली. २६ ऑक्टोबरला ती चार प्रवर्गांत पुन्हा सुरू झाली: प्रवेश व्हिसा, व्यापार, वैद्यकीय आणि परिषद. या चौघांत पर्यटन नव्हते. ई-व्हिसाची सेवा २२ नोव्हेंबरला पूर्ववत झाली. इकडे कॅनडाला आपले ४१ राजनैतिक अधिकारी भारतातून परत न्यावे लागले. त्यांच्या स्थलांतर विभागाचे भारतातील कर्मचारी २७ वरून ५ वर आले. मुंबई, चंडीगड व बंगळूरच्या वाणिज्य दूतावासांतील समक्ष कामकाज थांबले. अर्ज स्वीकारणारी केंद्रे चालू होती, कारण ती खाजगी कंपनी चालवते, परंतु निर्णयास विलंब होणार हे उघड होते.

या विलंबाचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. अर्ज रखडला की "आपल्यावर संशय आला" अशी अर्जदाराची समजूत होते. वास्तविक त्यामागे बहुधा तीन कारणे असतात: समोरच्या देशाने केले म्हणून आपणही करणे, निर्णय घेणारे हात कमी होणे, आणि सुरक्षेची छाननी लांबणे. यांपैकी एकाचाही अर्जदाराच्या चारित्र्याशी संबंध नसतो. म्हणून घाबरून दुसरा अर्ज करणे, मजकूर बदलणे किंवा दलालाच्या नादी लागणे ही चूक ठरते.

योग्य दार कोणते

आता एक अनुभव सांगतो. माझ्या परिचयातील एका कुटुंबाचा नातू टोरांटोत जन्मला. आईवडील दोघेही भारतीय नागरिक, पण तेथे जन्मल्याने बाळ कॅनडाचे नागरिक. २०२३ च्या दिवाळीला बाळाला घेऊन बऱ्हाणपुरास यायचे ठरले होते. बाळाचे ओसीआय कार्ड काढलेले नव्हते, कारण ई-व्हिसा सहज मिळेल अशी सर्वांची समजूत होती. सप्टेंबरअखेर ते दार मिटले. आईवडील येऊ शकत होते, सात महिन्यांचे बाळ येऊ शकत नव्हते. आजोबा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बाळावर तुमच्याकडे उपचार करायचे आहेत, एवढे लिहून द्या. वैद्यकीय कारण असले की सोडतात म्हणे."

मी बाळ पाहिलेले नव्हते आणि त्याला कोणताही आजार नव्हता. मी नकार दिला आणि नकाराबरोबर आम्ही नियम वाचले. भारतीय नागरिकाच्या किंवा भारतीय वंशाच्या व्यक्तीच्या परदेशी नागरिक असलेल्या अपत्यासाठी प्रवेश व्हिसा हाच मुळात योग्य प्रवर्ग आहे. पर्यटक व्हिसा केवळ सोपा म्हणून लोक तो घेतात. महिन्याभरात सेवा सुरू झाली तेव्हा उघडलेल्या चार दारांत हेच दार होते. कुटुंबाने खऱ्या कागदांवर अर्ज केला. बाळाची पहिली दिवाळी हुकली, पण डिसेंबरात ते आजीच्या मांडीवर होते. खोट्या आजाराच्या जोरावर अर्ज केला असता, तर त्याच्या नावावर आयुष्यभराची नोंद राहिली असती.

यास्तव माझे आग्रहाचे सांगणे असे, की परदेशात जन्मलेल्या नातवंडांचे ओसीआय कार्ड शांततेच्या काळातच काढून घ्यावे. २०२३ च्या स्थगितीत ओसीआय कार्डधारकांचा प्रवास अडला नव्हता. तसेच कॅनडास जाणाऱ्या आजी-आजोबांनी साध्या पाहुण्याच्या व्हिसाबरोबर सुपर व्हिसाचाही विचार करावा. जुलै २०२२ पासून त्यावर एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येते. त्यासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा आणि त्या देशाने नेमलेल्या डॉक्टरकडूनच केलेली तपासणी लागते. तिथे आपल्या कुटुंबाच्या डॉक्टरांचा दाखला चालत नाही.

वैद्यकीय दाराचे मोल

डॉक्टरांच्या पत्राने उघडणारे दार किती मोलाचे आहे, हे बालरोगतज्ज्ञास वेगळे सांगावे लागत नाही. हृदयाच्या दोन महारोहिण्यांची अदलाबदल झालेल्या नवजात बालकाची शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांत व्हावी लागते. हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधील पडद्यास मोठे छिद्र असेल, तर ते साधारणतः पहिल्या वर्षात बंद करावे लागते. अन्यथा फुप्फुसांतील रक्तदाब कायमचा वाढतो आणि पुढे शस्त्रक्रियेचाही उपयोग राहत नाही. अशा मुलाचा व्हिसा सहा महिने रखडला, तर ते सहा महिने नंतर भरून काढता येत नाहीत.

डिसेंबर २००१ च्या संसदेवरील हल्ल्यानंतर बंद पडलेली दिल्ली-लाहोर बस जुलै २००३ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या पहिल्या खेपांतच पाकिस्तानातील एक चिमुकली हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी भारतात आली आणि बंगळूरच्या नारायण हृदयालयात तिच्यावर यशस्वी शस्त्रक्रिया झाली. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी तिच्यासाठी प्रार्थना केल्या. २०१७ मध्ये संबंध पुन्हा बिघडले असताना पाकिस्तानी रुग्णांकडे त्यांच्या देशाच्या परराष्ट्र सल्लागाराचे शिफारसपत्र मागितले जाऊ लागले. तरीही तत्कालीन परराष्ट्रमंत्री श्रीमती सुषमा स्वराज यांनी १५ ऑगस्टला आणि पुन्हा दिवाळीला प्रलंबित असलेल्या खऱ्या व पात्र प्रकरणांत वैद्यकीय व्हिसा देण्याचे जाहीर केले. यातील 'खऱ्या व पात्र' ही अट विसरता कामा नये. ती पात्रता ठरते रुग्णालयाच्या आणि डॉक्टरांच्या कागदावर.

हे दार कधीच मिटत नाही, असा मात्र समज नको. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांची व्हिसा सेवा तत्काळ थांबवली. दिलेले व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द झाले. वैद्यकीय व्हिसांना केवळ दोन दिवस अधिक, म्हणजे २९ एप्रिलपर्यंत मुदत होती. पाकिस्तानी हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा मात्र कायम राहिले. सिंधमधील हैदराबादहून जन्मजात हृदयदोषाच्या उपचारासाठी दिल्लीत आलेली दोन भावंडे शस्त्रक्रियेविना परतल्याचे वृत्त त्या दिवसांत प्रसिद्ध झाले. निरपराध लोकांच्या हत्येनंतर राष्ट्राने कठोर व्हावे, हे समजण्यासारखे आहे. त्याच वेळी, शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यावरून परतलेल्या मुलाचे दुःख बालरोगतज्ज्ञाला जाणवल्यावाचून राहत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात बाळगाव्या लागतात.

दाखला लिहिताना

या पार्श्वभूमीवर आपल्या दोन ओळींचे वजन ध्यानात येईल. व्हिसा अधिकारी रुग्णाला तपासू शकत नाही, तो आपल्या सहीवर विश्वास ठेवतो. सहलीसाठी लिहिलेले एक खोटे पत्र उघडकीस आले, की त्या गावच्या, त्या रुग्णालयाच्या पुढच्या दहा खऱ्या पत्रांकडे संशयाने पाहिले जाते. खोट्या कागदाची शिक्षा अर्जदारासही जबर होते. दिशाभूल सिद्ध झाल्यास कॅनडा पाच वर्षे आणि ब्रिटन दहा वर्षांपर्यंत प्रवेश नाकारू शकते. आपल्यासाठी भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची आचारसंहिता स्पष्ट आहे: असत्य वा दिशाभूल करणाऱ्या दाखल्यावर सही करणे हे गैरवर्तन आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे नवे नियम ऑगस्ट २०२३ मध्ये स्थगित झाल्यावर हीच संहिता पुन्हा लागू करण्यात आली.

खरे पत्र मात्र हात आखडता न घेता, वेळेवर आणि नीट लिहावे. त्यात पुढील गोष्टी असाव्यात:

१. पारपत्रातील स्पेलिंगप्रमाणेच रुग्णाचे नाव, जन्मतारीख आणि पारपत्र क्रमांक.
२. निदान आणि ज्या तपासणीवर ते आधारले तिची तारीख. 'हृदयाचा त्रास' असे मोघम लिहू नये.
३. प्रस्तावित उपचार, तो कोठे होणार आणि किती दिवस लागतील.
४. उपचार कोणत्या मुदतीपूर्वी व्हावा आणि विलंबाने नेमके काय बिघडेल. तणावाच्या काळात अधिकारी सर्वप्रथम हेच पाहतो.
५. सोबत कोणी असणे का आवश्यक आहे.
६. आपला नोंदणी क्रमांक, सही, दिनांक आणि पडताळणीसाठी चालू दूरध्वनी.

दाखल्याची नोंद स्वतंत्र वहीत ठेवून प्रत जपावी, हेही संहितेत सांगितले आहे. रुग्णाने आपले कागदपत्र मागितल्यास ते ७२ तासांच्या आत देणे आपल्यावर बंधनकारक आहे. व्हिसाची तारीख हाती असलेल्या कुटुंबाला हे तीन दिवसही मोठे असतात.

अर्जदार बंधुभगिनींसाठी

१. पारपत्राची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक ठेवा. लहान मुलांचे पारपत्र बहुधा पाच वर्षांचेच असते, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही.
२. माहिती त्या देशाच्या दूतावासाच्या आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या अधिकृत सूचनांवरूनच घ्या, आणि सूचनेवरील तारीख पाहा. तणावाच्या काळात आठवड्यात नियम बदलतात.
३. अर्ज केंद्रातील कर्मचारी किंवा एजंट निर्णय घेत नाहीत. 'हमखास व्हिसा' म्हणणाऱ्यास पैसे देऊ नका.
४. प्रवासाचे खरे कारण आणि त्यास अनुरूप प्रवर्ग निवडा. पूर्वी व्हिसा नाकारला गेला असेल, तर ते लपवू नका.
५. व्हिसा हाती येईपर्यंत पैसे परत न मिळणारी तिकिटे काढू नका. बाळंतपणासाठी जायचे असेल, तर सातव्या महिन्याची वाट न पाहता सुरुवातीसच अर्ज करा.
६. प्रवासविम्यातील अपवाद वाचा. जुना मधुमेह, रक्तदाब किंवा सरकारी निर्णयाने रद्द झालेला प्रवास यांची भरपाई मिळेलच असे नाही.
७. औषधे मूळ वेष्टनात, मूळ रासायनिक नावांच्या चिठ्ठीसह न्या. कोडीनयुक्त खोकल्याची औषधे आणि ट्रामाडॉल यांवर आखाती देशांत कडक निर्बंध आहेत.
८. मूल एकाच पालकाबरोबर जात असेल, तर दुसऱ्याचे संमतीपत्र, जन्मदाखला आणि लसीकरणाची इंग्रजी नोंद सोबत असावी.
९. परदेशी असताना संबंध बिघडले, तर तेथील भारतीय दूतावासात नाव नोंदवा. तक्रारीसाठी परराष्ट्र मंत्रालयाची 'मदद' ही सेवा २०१५ पासून उपलब्ध आहे.

आपल्या नर्सिंग होमसाठी

बऱ्हाणपूर हे केवळ जाणाऱ्यांचे गाव नाही, येथे येणारेही पुष्कळ आहेत. दर्गाह-ए-हकीमी येथे दाऊदी बोहरा समाजाचे भाविक देशविदेशांतून येतात. त्यांच्यातील एखादे मूल मध्यरात्री जुलाबाने कोमेजून आपल्या दारी आले, तर उपचार आधी करावेत, यात दुमत नाही. परंतु सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या स्थलांतर आणि परदेशी नागरिक कायद्यानुसार, दाखल करून घेतलेल्या परदेशी रुग्णाची माहिती नोंदणी अधिकाऱ्यास देणे रुग्णालयांवर बंधनकारक आहे. म्हणून दाखल करतानाच पारपत्र व व्हिसाच्या पानाची प्रत घ्यावी. व्हिसाची मुदत संपत आली असेल आणि रुग्ण प्रवासास असमर्थ असेल, तर तसे कारणांसह वेळीच लिहून द्यावे, कारण मुदत उलटून राहणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. रुग्ण प्रवास करू शकत असेल, तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहावे.

समारोप

राष्ट्राराष्ट्रांतील संबंध जुळवणे आपल्या हाती नाही. २०२५ मध्ये भारत आणि कॅनडा यांनी एकमेकांकडे पुन्हा उच्चायुक्त नेमले. त्याच वर्षी चिनी पर्यटकांसाठी आपले दार उघडले, आणि पाकिस्तानी रुग्णांसाठी मिटले. हे चक्र असेच चालत राहणार. प्रवाशाने योग्य दार निवडून खऱ्या कागदांनिशी वेळेपूर्वी उभे राहावे, आणि डॉक्टराने आपल्या सहीची पत राखावी, एवढे मात्र आपण निश्चित करू शकतो. सहलीसाठी मागितलेला खोटा दाखला नाकारताना शेजारधर्माला थोडी झळ लागते, हे मी जाणतो. पण पुढे कधीतरी एखाद्या निळ्या पडलेल्या बाळासाठी आपल्यालाच पत्र लिहावे लागेल, आणि ते वाचणाऱ्या अनोळखी अधिकाऱ्याने त्यावर विश्वास ठेवावा, अशी आपली अपेक्षा असेल.